शेवटच्या रांगेतून नाट्यगृह : कोल्हापूर, मुंबई, पणजी

जुन्या नाट्यगृहांवर आपल्याकडे बरंच लिहिलं जातं, पण ते बहुतेक दर्शनी बाजूचं असतं. कोणत्या राजानं बांधलं, कोनशिला कुणी बसवली, पहिला प्रयोग कोणत्या कंपनीचा, कमानी कोणत्या शैलीच्या. हे सगळं हवंच. पण नाट्यगृह ही वास्तू मुळात बसण्यासाठी बांधलेली असते, आणि तिथं कोण कुठं बसलं, त्याला काय दिसलं नि काय ऐकू आलं, याबद्दल आपल्या लेखनात फार थोडं सापडतं. त्यामुळे नूतनीकरणाचा विषय निघाला की चर्चा रंगावर, झुंबरांवर आणि वातानुकूलनावर होते. खुर्चीवर होते ती गादी किती मऊ एवढ्यापुरतीच.

म्हणून या टिपणात मी उलट बाजूनं सुरुवात करतो. प्रश्न साधा आहे. जुन्या नाट्यगृहात चांगली जागा कोणती? तिकिटाच्या खिडकीवर आपण सगळेच हा प्रश्न मनात घोळवतो आणि बहुधा दर बघून उत्तर ठरवतो. महाग ती चांगली. माझं म्हणणं असं की संगीत नाटकाच्या काळातल्या नाट्यगृहांपुरतं तरी हे उत्तर अपुरं आहे. ज्या जागेवर रंगमंचावरचा उघडा आवाज, म्हणजे ध्वनिक्षेपकाशिवायचा आवाज, पूर्ण पोचतो ती चांगली जागा. आणि अशा जागा शेवटच्या रांगेपर्यंत असतील ते चांगलं नाट्यगृह. या कसोटीवर तीन वास्तू बघू. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस आणि पणजीची कला अकादमी. बेळगाव आणि गोव्याच्या नाट्यरसिकाला तिन्ही परकी नाहीत.

दराची शिडी

आधी दराचं बघू, कारण 'चांगली जागा' ही कल्पना दरानंच आपल्या डोक्यात पक्की केली आहे. नाटकाची रीत अशी की जवळची जागा महाग आणि लांबची स्वस्त. पुढं खुर्च्या, मागं बाकडी, त्यामागं किंवा वर गॅलरीत सगळ्यात स्वस्त प्रेक्षक. सिनेमा आला आणि ही शिडी उलटी झाली. पडद्याला नाक लावून बसणं डोळ्यांना त्रासाचं, म्हणून पुढची रांग स्वस्त. बाल्कनी सगळ्यात महाग. एका वास्तूत आधी नाटक, मग सिनेमा, मग पुन्हा नाटक असा प्रवास झाला की तिथल्या जागांची प्रतिष्ठाही तीनदा बदलते. काल चार आण्यांची असलेली रांग आज 'मान्यवरांसाठी राखीव' होते. खुर्ची जागची हललेली नसते; तिथून ऐकू येणारं आणि दिसणारंही तेच असतं. बदलतो तो फक्त भाव. तेव्हा दरावरून जागेचं मोल ठरवणं किती कच्चं आहे ते इथंच कळतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाला जागा निवडायची मुभा होती असंही नाही. त्या काळी बायकांची बसायची सोय वेगळी असे, पुष्कळदा माडीवर नाहीतर एका बाजूला. त्यांची जागा ऐपतीपेक्षा समाजाच्या नजरेनं ठरलेली. बालगंधर्वांच्या लुगड्याची आणि दागिन्यांची नक्कल घराघरांत झाली असं आपण कौतुकानं सांगतो. ती बारकाईनं टिपणाऱ्या बायका पहिल्या रांगेत ऐसपैस बसलेल्या नव्हत्या, एवढं लक्षात ठेवायला हवं. लांबून, वरून किंवा कडेनं बघूनही त्यांनी ते टिपलं. नाट्यगृहाच्या इतिहासात आसनव्यवस्थेचा नकाशा हा कागद जपण्याजोगा का, याचं हे एक कारण. आपला समाज कसा बसत होता ते त्यातून दिसतं.

कानाची बाजू

आता मुख्य मुद्द्याकडे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. त्यानंतरची कितीतरी वर्षं हे सगळं गाणं उघड्या गळ्यानं झालं. ध्वनिक्षेपक नव्हता. नटाचा गळा, लाकडी रंगमंच, छत आणि भिंती एवढीच यंत्रणा. म्हणजे नाट्यगृह हेच वाद्य होतं म्हणा ना.

अशा ठिकाणी पहिली रांग खरोखर उत्तम का? तोंडावरचे भाव जवळून दिसतात, हे खरं. पण संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर, पहिल्या रांगेच्या जवळपास. पुढच्या कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला गायकाआधी ऑर्गन ऐकू येतो. मान वर करून बघावं लागतं ते वेगळंच. रंगमंच उंच असला तर नटाची पावलं दिसत नाहीत, आणि नाच किंवा पदन्यास असला तर तो अर्धा गेला.

मधल्या रांगांचं गणित वेगळं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. नटाच्या तोंडून निघालेला आवाज थेट येतो, तसाच छतावरून नि बाजूच्या भिंतींवरून उसळूनही येतो. उसळलेला आवाज थेट आवाजामागून साधारण सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पोचला, तर कान दोन्हींना एकच समजतो आणि शब्द भरदार वाटतो. त्याहून बराच उशिरा आला तर शब्दावर शब्द चढतात, आपण 'घुमतंय' म्हणतो. सेकंदाचा विसावा भाग म्हणजे सुमारे सतरा मीटरचा जादा प्रवास. जुन्या मध्यम आकाराच्या नाट्यगृहांत छत आणि भिंती पुष्कळदा याच अंतरात बसतात. म्हणून तिथं माइकशिवाय संवाद ऐकू येई. यात जादू नव्हती, आकार नेमका होता.

सपाट जमिनीवरच्या मागच्या रांगांना एक अडचण असते. पुढच्या लोकांच्या डोक्यांवरून घासत येणारा आवाज वाटेतच शोषला जातो. माणसं, कपडे, पागोटी, सगळं आवाज खातं. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत ही अडचण नाही. समोर डोकी नाहीत, छत जवळ, रंगमंच पूर्ण उघडा. पण बाल्कनीच्या खाली, अगदी आत खोल बसलेल्याचे हाल होतात. वरचं छत त्याच्यापासून तोडलेलं असतं, त्यामुळे वरून उसळणारा आवाज त्याच्यापर्यंत येतच नाही. त्याचं तिकीट बाल्कनीच्या तिकिटाहून महाग असू शकतं, आणि ऐकायला मात्र त्याला कमी मिळतं. दराच्या शिडीची ही सरळसरळ लबाडी आहे.

'वन्समोअर'ची आठवण इथं काढायला हवी. ही आरोळी काही फक्त पुढच्या खुर्च्यांची नव्हती. पिटातला प्रेक्षक पद संपताच ती ठोकायचा, आणि नट पद पुन्हा म्हणायचा. तान कळली, जागा कळली, म्हणूनच ती पुन्हा मागितली. स्वस्त तिकिटाच्या माणसाला गाणं नीट पोचत होतं, याचा याहून बोलका पुरावा कुठला हवा?

कोल्हापूर : दोन वास्तू, दोन बैठकी

राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ साली या नाट्यगृहाचं काम सुरू केलं आणि १९१५ साली ते खुलं झालं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. १९५७ पासून ते केशवराव भोसल्यांच्या नावानं ओळखलं जातं. केशवराव कोल्हापूरचे, पण त्यांनी आपली ललितकलादर्श मंडळी १९०८ साली हुबळीत उभी केली, हे सीमाभागातल्या आपण विसरू नये. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. त्यात धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दर नेहमीच्या कितीतरी पट असूनही गर्दी लोटली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

या नाट्यगृहाकडे बघताना शेजारचं खासबाग मैदानही बघायला हवं. तेही शाहू महाराजांचंच. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. कुस्ती चारी बाजूंनी बघायची असते, त्यामुळे तिथं 'समोरची जागा' हा प्रकारच नाही. उतारच असा की मागच्याला पुढच्याचं डोकं आड येत नाही. हजारोंनी माणसं बसतात आणि मल्लाची पकड सगळ्यांना दिसते. त्याला लागून असलेलं नाट्यगृह एकाच दिशेला तोंड करून बसायचं. तिथं मात्र मागं-पुढं, मधलं-कडेचं असे भेद येतात. एकाच राजानं जवळजवळ एकाच काळात या दोन बैठकी उभ्या केल्या. एक डोळ्यासाठी, दुसरी मुख्यतः कानासाठी. कोल्हापुरात दोन्ही एकमेकींना चिकटून आहेत, ही आपल्या वास्तूंच्या इतिहासातली दुर्मीळ गोष्ट आहे. त्यांचा अभ्यास मात्र सहसा वेगवेगळा होतो. कुस्तीवाले मैदानावर लिहितात, नाटकवाले नाट्यगृहावर.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच आणि प्रेक्षागृह जळालं, आणि कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. त्यानंतर 'होतं तसं उभारू' ही मागणी झाली. ती रास्त आहे. पण 'होतं तसं' म्हणजे काय? दगडी दर्शनी भाग तसाच ठेवता येतो. फोटो आहेत, मोजमापं घेता येतात. रंगमंचाची उंची, त्याखालची पोकळी, छताचं लाकूड, जमिनीचा उतार, बाल्कनीची खोली यांतलं थोडंसं जरी बदललं तरी आवाज बदलतो. तो फोटोत दिसत नाही. जे बाहेरून दिसतं ते जपलं आणि जे ऐकू येतं ते गेलं, तर वास्तू उभी राहील आणि पॅलेस थिएटर मात्र परत येणार नाही.

मुंबई : बॉक्स कुणासाठी?

गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊस वेगळ्या घराण्याचं. १९११ साली पंचम जॉर्ज भारतात आले तेव्हा काम अपुरं असतानाच त्यांच्या हस्ते उद्घाटन झालं. युरोपी ऑपेरागृहाचा थाट, घुमटाकार छत, झुंबरं, बाल्कन्या, आणि बॉक्स. पण याच रंगमंचावर मराठी संगीत नाटकही नांदलं. बालगंधर्व इथं गायले, मंगेशीचे मास्टर दीनानाथही. नंतर ते सिनेमागृह झालं, १९९३ साली बंद पडलं, आणि आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखालच्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. उघडण्याच्या सोहळ्यात गायल्या त्या गोमंतकीय वंशाच्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ.

जीर्णोद्धार देखणा आहे, यात वाद नाही. पण तिथं गेलेला बहुतेक जण बॉक्सकडे बघून हरखतो आणि 'तिथं बसायला मिळालं तर' असं म्हणतो. बॉक्सची गंमत समजून घ्यायला हवी. बॉक्स रंगमंचाच्या बाजूला असतो. तिथून रंगमंचाची जवळची कड दिसत नाही, विंगेत उभा असलेला नट दिसतो, आणि पडद्याचा देखावा तिरपा दिसतो. नाटक बघायला ती जागा वाईटच. मग ती प्रतिष्ठेची का? कारण तिथं बसलेला माणूस सगळ्या प्रेक्षागृहाला दिसतो. बॉक्स बघण्यापेक्षा दिसण्यासाठी बांधलेला असतो. युरोपातल्या दरबारी रीतीचा तो अवशेष, आणि वसाहतीच्या मुंबईत तो शोभून दिसला.

या वास्तूबद्दल नेहमी सांगितलं जातं की छताची रचना गॅलरीतल्या माणसालाही प्रत्येक शब्द ऐकू यावा अशी केली होती. मला वाटतं तिचं खरं मोठेपण इथं आहे. साम्राज्याच्या उतरंडीसाठी बांधलेल्या घरात आवाजापुरती तरी समानता होती. म्हणून तिथं जाणाऱ्यानं बॉक्सचा मोह सोडावा, वर बाल्कनीत पुढं मधोमध जागा मिळते का बघावं. छतही दिसेल, गाणंही मिळेल.

पणजी : भिंतीवरचा प्रेक्षक

कला अकादमी ही चार्ल्स कोरिया यांची, १९८३ साली पूर्ण झालेली वास्तू. वयानं ती धाकटी, पण गोव्यातल्या दोन-तीन पिढ्यांच्या आठवणी तिच्यात आहेत. मुख्य प्रेक्षागृहाला दीनानाथ मंगेशकर कलामंदिर म्हणतात. तिथल्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी जुन्या थिएटरातल्या बॉक्सांचा भास निर्माण केला आणि त्यांत चित्रातली गोंयकार मंडळी बसवली. ऑपेरा हाऊसमधला बॉक्स इथं आला, पण चित्र होऊन. ज्या जागेवरून नाटक कधीच नीट दिसत नव्हतं ती जागा मारिओंनी भिंतीवर टाकली आणि तिथं असे प्रेक्षक बसवले की ज्यांना दिसण्यापलीकडे काही कामच नाही. बॉक्स या प्रकारावरची याहून मार्मिक टीका मला माहीत नाही. खालच्या खुर्च्या मात्र खऱ्या माणसांना.

या प्रेक्षागृहापुढचं काम अवघड होतं. मराठी नाटक, तियात्र आणि पाश्चात्त्य संगीत, तिन्ही इथं व्हायचं. संवादाला आवाज लवकर विरायला हवा, साधारण सेकंदभरात. वाद्यवृंदाला तो रेंगाळायला हवा, दोन सेकंदांच्या आसपास. दोघांना एकाच भिंती पुरवायच्या तर फार नाजूक तोल सांभाळावा लागतो. २०२१ पासून नूतनीकरणासाठी अकादमी बंद होती. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. त्यानंतर ध्वनी आणि प्रकाशयोजनेबद्दल कलाकारांनी उघड तक्रारी केल्या. हा वाद खर्चाच्या आणि जबाबदारीच्या अंगानं पुष्कळ गाजला. पण त्यातला सांस्कृतिक मुद्दा एवढाच की कलाकार कानानं बोलत होते आणि उत्तरं बहुधा यंत्रांच्या यादीनं दिली जात होती. नवीन स्पीकर किती वॅटचे हे सांगून 'शेवटच्या रांगेत शब्द कळतो का' या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. जुनं ते सगळं चांगलं, असं माझं म्हणणं नाही. गादीच्या खुर्च्यांची चेष्टा होते, पण त्यांचा उपयोग आहे. रिकामी गादीची खुर्ची जवळपास बसलेल्या माणसाइतकाच आवाज शोषते, त्यामुळे अर्धं रिकामं नाट्यगृहही भरल्यासारखं ऐकू येतं. लाकडी खुर्च्यांच्या रिकाम्या सभागृहात तालीम एक आणि प्रयोग दुसराच, असं होत असे. बिघडतं ते गालिचा, पडदे, खोटं छत हे सगळं शोभेसाठी एकावर एक चढवल्यावर. वातानुकूलनाची घरघर त्यात मिसळते, आणि मग नटाच्या गळ्यात माइक लावल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. माइक लावला की सगळ्यांना सारखं ऐकू येतं खरं, पण आवाज नटाकडून येत नाही, खांबावरच्या पेटीतून येतो. डोळे एकीकडे, कान दुसरीकडे.

तर मग कुठं बसावं?

जुन्या नाट्यगृहात जाणार असाल तर हे ध्यानात ठेवा. तळमजल्यावर पाचव्या-सहाव्या रांगेपासून पुढं, मधल्या वाटेच्या जवळ. नटाच्या तोंडावरचा भाव सुमारे २० मीटरपर्यंत वाचता येतो, त्याच्या आत राहा. बाल्कनीची कड जिथं डोक्यावर येते तिथून मागं जाऊ नका. त्यापेक्षा वर बाल्कनीची पहिली रांग केव्हाही बरी, फक्त कठडा आड येत नाही ना ते बघा. संगीत नाटक असेल तर ऑर्गनच्या बाजूची पुढची कड टाळा. खांब असतील तर तक्त्यावर ते सहसा दाखवलेले नसतात. खिडकीवर विचारा, विचारायला लाजू नका. आणि मध्यंतरात पाय मोकळे करताना एकदा शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहा. तिसऱ्या घंटेनंतर दोन मिनिटं तिथूनच ऐका. त्या वास्तूची योग्यता तिथं कळेल.

हीच सवय आपल्या अभ्यासातही यावी. बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, जिथं जिथं मराठी नाटक गेलं तिथल्या नाट्यगृहांच्या नोंदी करताना दर्शनी भागाच्या फोटोसोबत आसनांचा तक्ता जपावा. दरांचे वर्ग, बायकांच्या जागा, पिट कुठं होता, बाल्कनी किती खोल, रंगमंच किती उंच, हे लिहून ठेवावं. ज्यांनी स्वस्त तिकिटावर नाटकं बघितली त्यांना आवर्जून विचारावं. पहिल्या रांगेतल्यांच्या आठवणी छापून आल्या आहेत, मागच्यांच्या नाहीत. ती माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत.

कोल्हापूरचं नाट्यगृह पुन्हा उभं राहील तेव्हा मान्यवर पहिल्या रांगेत बसतील, फीत कापली जाईल, भाषणं होतील. त्याआधी एका संध्याकाळी माइक बंद ठेवून एखाद्या गायकाला रंगमंचावर उभं करावं, एक पद म्हणायला सांगावं, आणि निर्णय घेणाऱ्या सगळ्यांनी शेवटच्या रांगेत बसून ते ऐकावं. शब्द कळले तर काम झालं. नाही कळले, तर फीत थांबू शकते.